शिंगटा आत्या

आमच्या आत्याचं जेवण दिसायच्या आधी ऐकू यायचं. सगळ्यांची जेवणं उरकली की ती चुलीपाशी पातेलं मांडीत घेऊन बसायची आणि उलथन्यानं तळ खरवडायची. खर्र, खर्र. सांगलीत नदीकडच्या आमच्या गल्लीत चार घरांना तो आवाज जायचा, खोटं नाही सांगत.

"तळातच खरी चव असती गं," म्हणायची. "वरचं काय, कुणीबी खातंय." वडिलांची ही थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिलेली.

मासेही तिला तसलेच लागत. घाटावर चांगल्या मरळीकडं ती बघायचीसुद्धा नाही. शिंगटा घ्यायची. तो मिशांचा मासा, चिखलात तोंड खुपसून खाणारा. मासे विकणारी भोईण हसायची, "आवं आक्का, गाळ खातंय त्ये!"

"खाऊ दे की. कुणीतरी खायाच पायजे."

हे ऐकून मी एकदा पाहुण्यांदेखत बोलून गेले, "आमची आत्यापण शिंगटाच हाय. तळचंच खाती." सगळे हसले, आत्या तर सगळ्यांत जास्त. तेव्हापासून गल्लीभर ती शिंगटा आत्या झाली. नाव मी ठेवलं, म्हणून मला केवढा दिमाख!

मग लढाईच्या दिवसांत धान्य रेशनवर आलं. एका दुपारी पाणी प्यायला आत गेले. आत्या पातेलं खरवडत होती, आणि पातेलं घासूनपुसून लख्ख! आत काही म्हणजे काही नव्हतं.

"आत्या, काय खातीस?"

"गप. आवाज आला म्हंजे तुझ्या आईला वाटतंय, मी जेवले." आणि टोपल्याखालची अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "घे, तुला ठिवली हुती."

मी ती तिथंच उभ्यानं खाल्ली. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी ती अर्धी मिळाली नसती, एवढं मला चांगलं कळत होतं.

पुढं आत्यानं वडूजला दिराकडं जायचं काढलं. आई रडायला लागली. "वन्सं, का जाताय? इथं काय कमी पडलं तुमाला?" आत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. आत्याला घेऊन वडूजची मोटार गेली.

चारेक महिन्यांनी वडूजहून कार्ड आलं. गोदाबाई वारल्या. शेजारणीनं विचारलं, "कोण गं ही गोदाबाई?"

आई कार्ड घेऊन आत गेली. मलाच सांगावं लागलं, "शिंगटा आत्या." दुसरं नाव घेऊन तिला कळलं नसतं.