साडेपाच तास मागे

त्या वर्षी शाळेनं गणिताबरोबर कॉम्प्युटरचा विषयही माझ्या गळ्यात मारला. अकरावीच्या मुलांना विंडोजऐवजी लिनक्स शिकवायचं होतं, आणि ते काय प्रकरण आहे हे मलाच धड ठाऊक नव्हतं. घरात कॉम्प्युटर एकच, तोही सासऱ्यांच्या खोलीत. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून अप्पा त्यावर पत्रिका करतात, आणि पार नानाखेड्यापासून माणसं आमच्या उज्जैनच्या माधव नगरातल्या घरी त्यांना विचारायला येतात. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. म्हणून मी ठरवलं, विंडोज तसंच ठेवायचं, शेजारी लिनक्स टाकायचं, आणि मशीन चालू करताना हवं ते निवडायचं. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की वीस मिनिटांचं काम आहे. त्या माणसाला मी नंतर मनातल्या मनात फार शिव्या घातल्या.

पहिल्या दिवशी विंडोज यादीतून गायबच झालं. लिनक्स दिमाखात उघडायचं आणि अप्पांच्या पत्रिकांचा पत्ता नाही. सांगितलेल्या आज्ञा टाईप करायला बसले तर एक जागा सुटली की चूक, एक आडवी रेघ राहिली की चूक, आणि नेमकी कुठली ते काही कळायचं नाही. वर्गात मुलांची उदाहरणं चुकली की मी किती तडकते, ते मला तेव्हा आठवलं. तिसऱ्या दिवशी विंडोज यादीत परत आलं, पण तळाला. दहा सेकंदांत निवडलं नाही की लिनक्स आपणहून सुरू. अप्पा चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद संपायचे. शेवटी मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: खालचा बाण तीनदा, मग एंटर.

"पहले एकच बटन होतं," अप्पा म्हणाले. "दाबलं की चालू. आता परीक्षा देऊन आत जावं लागतं."

मी चिठ्ठीवर आणखी एक चिकटपट्टी लावली.

मग घड्याळाचा ताप सुरू झाला. मी संध्याकाळी मोबाईलचं नेट जोडून लिनक्सवर काम करायची, तेव्हा वेळ अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी विंडोज उघडलं की कोपऱ्यातलं घड्याळ कितीतरी मागे. त्या खोलीत एरवी नेट नसतं, त्यामुळे ते आपोआप सुधारायचंही नाही. मी हातानं नीट करायची, लिनक्सवर गेले की पुन्हा तेच. कुणीतरी लिहिलं होतं, घड्याळ चालवणारा आतला सेल संपला असेल. मशीन रिक्षात घालून देवास गेटच्या दुकानात नेलं. दुकानदारानं नवा सेल घातला आणि म्हणाला, "मैडम, अब सालों की छुट्टी." छुट्टी कसली! बुधवारी सेल बसला, संध्याकाळी मी लिनक्सवर काम केलं, आणि गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास विंडोजचं घड्याळ पाच दाखवत होतं. इतका संताप आला की ते नीट न करताच मी उठून गेले. शाळेला दसऱ्याची सुट्टी होती म्हणून, नाहीतर त्या दिवशी कुठल्या तरी मुलाचं काही खरं नव्हतं.

त्याच गुरुवारी माझ्या लेकीनं आजोबांना तिचा प्रश्न विचारला. तिला चेन्नईत नोकरी मिळत होती आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत होकार कळवायचा होता. आमच्याकडे मोठी गोष्ट अप्पांना विचारल्याशिवाय ठरत नाही. जन्मवेळ न घेता, प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली ते मांडतात आणि तीवरून उत्तर देतात. लेकीचा त्यावर फारसा विश्वास नाही, पण आजोबांना डावलून जाणंही तिला जमेना. तिनं विचारलं, अप्पांनी कुंडली छापली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "नको जाऊस. योग नाही."

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. तिचे बाबा इंदूरला अपडाऊन करतात; ते रात्री येऊन "अप्पा म्हणतात तर..." एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी बाराच्या जरा आधी नानाखेड्याच्या एक बाई हरवलेल्या अंगठीबद्दल विचारायला आल्या. मी स्वयंपाकघरात होते. अप्पांची हाक आली ती अशी, की मी लाटणं हातात घेऊनच धावले.

"हे काय करून ठेवलंस? भरदुपारी बारा वाजून राहिलेत आणि सूर्य लग्नात, पहिल्या घरात! म्हणजे आत्ताच उगवला? डोक्यावर आलेला सूर्य दहाव्या घरात पाहिजे!"

"वेळ तुम्हीच घालता ना?" मी म्हटलं.

"जन्मपत्रिकेला घालतो. प्रश्नाला नाही. बटन दाबलं की हे मशीन खुद आपली वेळ उचलतं."

मी कोपऱ्यात पाहिलं. सहा वीस. भिंतीवर अकरा पन्नास. गुरुवारी साडेदहाला पाच. दोन्ही वेळा बरोबर साडेपाच तास. मी गणिताची शिक्षिका. पंधरा दिवस त्या घड्याळाशी भांडत होते आणि एकदाही वजाबाकी केली नव्हती. सेल संपलेलं घड्याळ रोज मोजून तेवढंच मागे कसं पडेल? या वेळी 'साडेपाच तास' असं लिहून शोधलं आणि दोन मिनिटांत कळलं. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागची, वेळ लिहून ठेवतं, आणि विंडोज ती इथलीच समजून वाचतं. बिघाड काहीच नव्हता.

"उज्जैनमध्ये बसून ग्रीनिचची वेळ!" अप्पा म्हणाले. बाईंना त्यांनी सोमवारी यायला सांगितलं आणि गुरुवारचा कागद काढला. तो डोळ्यांजवळ धरून त्यांनी बोटानं सूर्याचं घर शोधलं.

"सूर्य दुसऱ्या घरात," ते म्हणाले. "उगवलेलासुद्धा नाही. आणि पोरीनं विचारलं साडेदहाला."

"मग पंचांग घेऊन परत मांडा ना, बरोबर वेळेची."

"नाही मांडत." त्यांनी कागदाची घडी घातली. "चाळीस वर्षं करून राहिलो हे. कुंडली पुढे आली की आधी सूर्य बघायचा, वेळ खरी की खोटी ते कळतं. परक्या बाईच्या अंगठीसाठी आज बघितला. हिच्या वेळी बघितलाच नाही. उत्तर मनासारखं आलं होतं ना." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिला सांग, होकार पाठव."

लेकीनं पाच वाजता होकार पाठवला आणि आजोबांच्या गळ्यात पडली. गुरुवारचं ते घड्याळ मी डोळ्यांनी पाहून तसंच सोडलं होतं, हे मी अप्पांना सांगितलं नाही. त्यांनी "योग नाही" म्हटल्यावर मला केवढं हायसं वाटलं होतं, तेही नाही. मलाही ती जायला नकोच होती.

नंतर मी एका ओळीची आज्ञा लिहून लिनक्सला इथलीच वेळ पाळायला लावली. खात्री करायला विंडोज उघडलं: खालचा बाण तीनदा, मग एंटर. कोपऱ्यात सहा वाजून चार मिनिटं, भिंतीवरही सहा वाजून चार मिनिटं. अप्पांनी दोन्ही घड्याळं पाहिली आणि मान हलवली. सहाची मुदत टळून गेली होती. आता ती जाणार, हे तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं, आणि मी अप्पांच्या देखत रडले.