पडद्यामागची जोडी

उमाकांत वैरागडेला सोबत नेल्याशिवाय त्याच्या ओळखीतलं कोणी फ्रीज, कूलर किंवा लोखंडी गेट घेत नसे. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत तो वाढला. पुढे पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये प्लेटा तपासण्यात त्याची नोकरी सरली, संसार सेक्टर दहाच्या क्वार्टरात झाला आणि निवृत्तीनंतर त्याने मरोद्याला घर बांधलं. वस्तू हाती आली की तो आधी ती उलटी करी. जोड कुठे आहे, स्क्रू कसले आहेत, रंगाखाली काय दडवलंय, हे पाहिल्याशिवाय हो म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बायको मृणाल गाणारी. शेजारच्या मुलींना गाणं शिकवायची, दुर्गच्या गणेशोत्सवात दरवर्षी गायची. घरात एकदा तरी खरोखर चांगले स्पीकर आणायचे, हे दोघांच्या मनात फार वर्षांपासून होतं. शेवटी एका सकाळी दोघं स्कूटरने सिव्हिक सेंटरमधल्या दुकानात गेले.

दुकानदार चंदनने दोन जोड्या समोर मांडल्या. पहिली सडपातळ. तिचं मागचं फळकूट पातळ होतं आणि एका कोपऱ्यात जोड किंचित उकललेला होता. दुसरी इतकी जड की हलवायला दोन माणसं लागली. तिच्यावर कुठे नख अडकेल अशी फट नव्हती. चंदनने दोन्ही वाजवून दाखवल्या. मृणालचं मत लगेच ठरलं. पहिलीत गाणारी बाई समोर येऊन बसते, दुसरीत तीच बाई दार लावून आत गाते, असं ती म्हणाली.

उमाकांत तोवर गुडघ्यांवर बसून पहिलीची मागची बाजू न्याहाळत होता. हा माल एका उन्हाळ्यात उकलेल, असं त्याने बजावलं. मृणालने आवाजाचं पुन्हा सांगितलं, त्याने जोडाचं पुन्हा सांगितलं. तिचा स्वर कोरडा होत गेला.

"आपण खोकं घेऊन राहिलो का आवाज?" तिने विचारलं.

भांडण मिटवायला चंदनने तोडगा काढला. दोन्ही जोड्यांपुढे पडदा ओढतो, एकच गाणं आळीपाळीने लावतो, साहेबांनी नुसतं ऐकून सांगावं. तो हे हसत हसत म्हणाला, पण उमाकांतला हा तोडगा नको होता.

कारण त्याला वरचे सूर ऐकू येत नव्हते. सुरुवात दाराच्या घंटीपासून झाली होती. ती बिघडली असं समजून त्याने नवी बसवली, आणि तीही त्याला ऐकू येईना. मग त्याच्या लक्षात आलं. मिलमध्ये कानावर लावायचे मफ मिळत, पण ठोकून प्लेटेचा आवाज ऐकल्याशिवाय तिची परीक्षा कशी करायची, म्हणून तो ते गळ्यात अडकवून फिरे. दोष त्याचा त्यालाच ठाऊक होता. घरात गाणारी बायको, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने सांगितलंच नाही. आवाजावर बोलायची वेळ आली की तो वस्तूच्या बांधणीवर बोले.

पडदा ओढला गेला. गाणं सुरू झालं. डग्गा त्याच्यापर्यंत आला, बाईचा खालचा स्वर आला, आणि ती वर चढली तशी धुक्यात शिरल्यासारखी नाहीशी झाली. दुसऱ्यांदाही तसंच. त्याने सवयीने मृणालच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही कळतं का म्हणून. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"मंजिरा कोणत्या जोडीत मोकळा वाजला?" तिने हळूच विचारलं.

"दुसरीत," तो म्हणाला.

मृणाल उठली. पुन्हा येऊ, असं चंदनला सांगून ती बाहेर पडली. बरोबर बोललो की चुकलो, हे उमाकांतला कळेना. स्कूटरवर ती मागे बसली होती, पण तिने नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मरोद्यापर्यंत तो एकेक शब्द जुळवत राहिला आणि एकही धड वाटेना.

घरात शिरल्यावर तिने पर्स टेबलावर ठेवली.

"दुसऱ्या बारीले मंजिरा वाजलाच नाई. तो येयच्या आधीच चंदननं गाणं बंद केलं होतं." ती थांबली. "कवापासून?"

त्याने सगळं सांगितलं. घंटीपासून.

"मंग माह्यं गाणं?"

"खालचं ऐकू येते. वर गेली का तुह्या तोंडाकडे पाहून समजून घेतो."

त्याला वाटलं, आता ती विरघळेल. ती भडकली. इतकी वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर तो छान झालं म्हणत आला, आणि ती त्याच्याच एका शब्दावर विसंबून होती.

"मले खोटं सांगत राहिले तुमी. कायले?"

पुढचे काही दिवस मृणाल मुलींना शिकवताना दार लावून घेऊ लागली. मग एका सकाळी तिनेच कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि तपासणीच्या खोलीत त्याच्याबरोबर आत गेली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण कानाला मशीन लावून बरंच सावरेल.

मशीन लागली आणि जग कर्कश झालं. पंखा, बांगड्या, भांडी, सगळं अंगावर येई. त्याच कानांनी तो मृणालबरोबर पुन्हा चंदनच्या दुकानात गेला. आपल्याला अजून काही नीट सांगता येत नाही, असं त्याने चंदनसमोर कबूल केलं आणि निवड मृणालवर सोडली. तिने पहिलीच जोडी घेतली. उकललेला जोड नीट करून दिल्याशिवाय माल हलवायचा नाही, एवढी अट मात्र त्याने घातली. ती चंदनने पाळली.

स्पीकर घरी आले त्या संध्याकाळी मृणालने ते लावलेच नाहीत. ती तंबोरा घेऊन त्याच्यासमोर बसली. ती गायली, वर गेली, थांबली आणि त्याच्याकडे पाहू लागली. छान म्हणणं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"वरचा सा तंबोऱ्याले जुळून नाई राहिला," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. आपण पुन्हा सगळं घालवलं की काय, असं त्याला वाटलं. मग तिने खुंटी पिळली, तार जुळवली आणि तीच ओळ पहिल्यापासून घेतली.