न पुसणारा रंग
एटीएम कार्डावरचं चकाकतं चित्र उन्हात तिरकं झालं, की महागावचं ते बियाण्याचं दुकान आठवतं. आदल्या साली नकली सरकी उगवलीच नव्हती, म्हणून जो तो पाकिटावरचा होलोग्राम बघायचा. मी तिथं कामाला होते. एका सकाळी मालकाच्या सांगण्यावरून नकली पाकिटांवर मीच होलोग्राम चिकटवले होते. त्याच दिवशी बियाणं घ्यायला आलेल्या आमच्या शेजारच्या मावशीनं थुंकी लावून पाकिटावरचा होलोग्राम अंगठ्यानं घासला. रंग सुटला नाही. “पोरी, असली हाय ना वं?” पुढे मावशी, पाठीशी मालक, सरकायलाही जागा नव्हती. “हो,” मी म्हटलं. आता कळतं, त्यात रंग नव्हताच, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा होत्या. पुसून जाण्यासारखं काहीच नव्हतं. माझं ते ‘हो’सुद्धा.