मुठीतले तांदूळ

नव्या तांदळाचं पोतं सोडलं, गोडसर वास आला आणि मनाने मी वरठी गावातल्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसलो. सत्तर-बहात्तर साल असेल. भात मांडण्याआधी माय रोज मूठभर तांदूळ चर्चला द्यायच्या डब्यात टाकायची, एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याच्यासाठी प्रार्थना करून.

त्या दिवशी मात्र तिची मूठ डब्यावर मिटलेलीच राहिली.

"टाक ना माय, भूक लागली."

"थांब रे. तुह्या काकूचं नाव घेऊन राहिली, पन राग जाऊनच नाही राहिला."

आदल्या दिवशी विहिरीवर, सगळ्या बायांसमोर काकू तिला म्हणाली होती, "नवऱ्याले खाल्लं तुनं."

"मंग दुसऱ्या कोनाचं नाव घे!"

"असं नसते बाबू. मनात राग ठेवून देवाले देनं चालत नाही."

मुठीतले तांदूळ तिने परत सुपात टाकले आणि पदराला हात पुसत ती काकूच्या घराकडे निघाली.

"अन् भात?" मी ओरडलो.

"आल्यावर."

मायला माझ्या भुकेचं काही नाही, असं वाटून मी रुसलो होतो. आज सांगून टाकतो, आजवर कुणाला बोललो नाही. सख्ख्या भावाशी अबोला धरून, रोज जेवणाआधी हात जोडून, मी कित्येक वर्षं पोटभर जेवत आलोय.