फांदीला टेकलं की थांबायचं

प्रताप वाकणकर रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना मासेमारीचा रॉड भेट दिला. माणूस नागपूरच्या शाकाहारी घरातला, आयुष्य गेलं कॅनडातल्या सरे शहरात पाण्याच्या पाइपलाइनी आखण्यात. मासा पाहिला असेल तो बायकोच्या ताटात. पण २००७चा तो उन्हाळा खायला उठला होता, म्हणून ते मिशन गावाच्या पुढच्या एका तळ्यावर जायला लागले आणि बघता बघता पुरते गुंतले. गराजमध्ये जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोटही आली.

त्यांची बायको पद्मजा देवबागची, खाडीकाठी वाढलेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून तीही नुकतीच घरी बसली होती. ग्रोसरीतलं फ्रोझन पापलेट आणताना तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण तळ्यातल्या माशाला ती मासाच मानत नसे.

प्रतापराव क्रॅपीच्या मागे होते. क्रॅपी म्हणजे तळहाताएवढा, चपटा, चंदेरी मासा, अंगावर काळे शिंतोडे. तो बुडालेल्या झुडपांत दडी मारून बसतो. त्याच्यासाठी क्रँकबेट वापरायचं, म्हणजे बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा खोटा मासा. दोरा ओढला की तो डोकं खाली घालून थरथरत बुडतो, ओढणं थांबवलं की आपसूक वर तरंगतो. पोटाखाली गळ असतात. प्रतापरावांचे ते गळ नेमके फांदीत रुतायचे. मग हिसका, आणि तुटलेला दोरा.

"अहो, मासे धरायला जाता की त्यांना खेळणी वाटायला?" पद्मजानं एकदा विचारलंच.

"मग तू येऊन दाखव," प्रतापराव चिडून म्हणाले.

पुढच्या शनिवारी ती खरंच आली, लाइफ जॅकेटवर शाल गुंडाळून. थोडा वेळ तिनं नुसतं बघितलं. मग रॉड मागून घेतला. पहिल्या दोन फेकी गवतात गेल्या. तिसरी झुडपाच्या पलीकडे पडली. ती हळूहळू रील फिरवू लागली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"फांदी लागली."

"मग ओढ ना!"

"ओढून तर तुम्ही घालवलेत सगळे. गप्प बसा जरा."

तिनं दोरा सैल सोडला. खाली तो खोटा मासा फांदीवरून सुटून वर तरंगत आला असावा, कारण पुढच्याच क्षणी रॉडचं टोक वाकलं. "अहो, जाळी! जाळी घ्या!" पद्मजा ओरडली. इतक्या वर्षांत प्रतापरावांनी तिला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. जाळी पुढे करताना बोट इतकी कलली की थर्मासमधला चहा पाण्यात गेला.

"धरा त्याला. ओठ पातळ आहे, फाटेल. हात ओला करा आधी."

प्रतापरावांनी जन्मात पहिल्यांदा जिवंत मासा हातात धरला. मासा वळवळत होता, पण त्यांचं मन मात्र बायकोकडे लागलं होतं. ती अशी हसत होती की बघतच राहावं.

त्यानंतर दर शनिवारी रॉड पद्मजाकडे आणि वल्ही प्रतापरावांकडे. मुलगी ऊर्मी एडमंटनहून फोनवर म्हणाली, "मॉम, यू हेट बोट्स!"

"बोटींचं काही नाही गं. तुझे बाबा वल्हवतात त्याची भीती वाटते."

२०१०च्या वसंतात पद्मजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोटीत चढणं बंद. ती वॉकर घेऊन खिडकीशी बसून राहायची, जेवणावरून मन उडालेलं. एका सकाळी प्रतापराव एकटेच निघाले. रिमझिम पावसात त्यांनी झुडपापलीकडे क्रँकबेट फेकलं. फांदी लागली. हात हिसका द्यायला शिवशिवत होता, तरी ते थांबले. दुपारपर्यंत चार क्रॅपी मिळाले.

"साफ कोण करणार?" पद्मजानं बादलीत डोकावून विचारलं.

"उद्या ऊर्मी येतेय, तिला..."

"उद्यापर्यंत वास सुटेल. सुरी आणा, मी सांगते."

घरामागच्या लाकडी डेकवर ती खुर्चीतून सांगत गेली, आणि प्रतापराव चेहरा बाजूला वळवून खवलं काढत गेले. मग कोकमाचं आगळ, तिखट, रवा. तेल अंगावर उडालं, एक मासा तव्याला चिकटून मोडला. चव बघायची सोय नव्हती.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"मीठ कमी आहे," पद्मजा काटा काढत म्हणाली. "तो मोडलेलाही वाढा इकडे."

तिनं चारही संपवले. प्रतापराव समोर वरणभात घेऊन बसले होते, पण त्यांचं लक्ष स्वतःच्या ताटात नव्हतं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली. बोटीचं पद्मजानं त्यांना विचारलंच नाही. शनिवारी पहाटे ती शाल घेऊन गाडीत जाऊन बसली आणि हॉर्न वाजवला.