हेडमास्तर, पहिलीत बसा

जीप आश्रमशाळेची होती आणि मला तिच्यात बसायचं नव्हतं. आबांनी मला उचलून आत ठेवलं. "तिथं दोन वेळा जेवण आहे," एवढंच ते आमच्या कोरकूत म्हणाले. कापूस बुडत होता ती वर्षं. दर्यापूरकडे वेचणीला गेलेली आमची मेळघाटातली माणसं रिकाम्या हातांनी परत येत होती, म्हणून गावानं पोरं देऊन टाकली. खुशीनं दिली, असं शाळावाले अजून सांगतात. खोटं बोलतात.

शाळेत कोरकू बोलायला बंदी. "जंगली भाषा काहून बोलून राहिली वं?" म्हणत हेडमास्तर कानफटात द्यायचे. होळी हा आमचा सगळ्यात मोठा सण, नेमकी तेव्हाच परीक्षा. एकदा आबा फाटकाशी येऊन भांडले, "पोरगी आमची, सण आमचा, सुट्टी तुमी काहून ठरवता?"

हेडमास्तर हसले. "तुले काय समजते शाळेतलं?"

मी आत उभी होते. त्या हसण्याचा राग अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता मी अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत सुपरवायझर आहे. शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम यातच दिवस जातो. माझ्यासोबत डोंगर उतरलेल्या बायांनो, आपण अजूनही कोरकू बोलतो ते रूमचं दार लावून. एवढी दहशत बसवली त्यांनी.

यंदा गावानं ठरवलं: लहान पोरं आश्रमशाळेत धाडायची नाहीत. शाळा गावातच हवी, पहिलीला कोरकूत शिकवणारी आपलीच बाई, सुट्ट्या ग्रामसभा ठरवणार. हेडमास्तर तेच, आता म्हातारे. त्यांनी घाबरून मला फोन केला, "तू शाळेचं नाव काढलं. येऊन समजाव या लोकायले."

गेले. त्यांनी ग्रामसभेत मला हार घातला. मी कोरकूत बोलले. कानफटात खाल्लेल्या सगळ्या सांगितल्या आणि म्हटलं, एकही पोर देऊ नका. लोक माना डोलवत होते. शाळेचं कौतुक चाललंय समजून हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या आबांना विचारलं, "काय म्हणाली ते?"

"शिकून घ्या ना, सर," आबा म्हणाले. "आमच्या पहिलीत जागा हाय."

कंपनीत कुणी घर कुठलं विचारलं, तर मी आता अमरावती सांगत नाही. जिथं हेडमास्तरला पहिलीत बसावं लागतं, ते माझं गाव.