त्या नावाचं कोणी नाही
जुना जर्मन शब्दकोश उघडला की कागदाच्या कुबट वासासोबत कोथरूडमधली ती दुपार आठवते. नवरा कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेत, आणि मी जर्मनीतल्या एका ड्यूक घराण्याची वंशावळ भाषांतराला घेऊन बसलेली. पंधराव्या वर्षी परमुलखात दिलेल्या मुलीच्या नावापुढे अगदी थडग्यावरही ‘जन्माने अमुक घराण्याची’ असं लिहिलेलं. बाहेर फोन वाजला. “नाही हो, या नावाचं इथे कोणी राहत नाही,” म्हणत सासूबाईंनी तो ठेवला. कोण हवं होतं, विचारलं तर त्यांनी नाव सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, त्याआधीचं माझंच. मी “हो का” म्हणून पुढच्या ओळीकडे वळले. शब्दकोशाच्या पहिल्या पानावर ते नाव अजून आहे. सासूबाई काही खोटं बोलल्या नव्हत्या.